इंजिनाच्या पोटांतील जाळ

गुऱ्हाळावर चुलवाणांत जाळ घालणारा माणूस चिपाड हातीं घेतांच तें वाळलेलें कीं ओलें हें ओळखतो. ओलें असेल तर त्यांत सुकें मिसळतो. कडकडीत वाळलेलें असेल तर हात आवरतो. काहिलींतील रस करपतां कामा नये आणि त्याची उकळीहि मोडतां कामा नये. इंधन बदललें कीं जाळ बदलतो, आणि जाळ बदलला कीं हाताची चाल बदलावी लागते, हें ज्ञान करवीरच्या मातींत जुनें आहे. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. फरक एवढाच कीं, तेथें जाळ लोखंडी पात्रांत कोंडलेला असतो आणि इंधन डोळ्यांना दिसत नाहीं.

दाभोळ ते बंगळूर ही सुमारें १००० किलोमीटर लांबीची वायुवाहिनी २०१३ सालीं सुरू झाली. ती कोल्हापूर जिल्ह्यांतून जाते. दाभोळच्या बंदरांत परदेशचा वायु उणें १६० अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूपानें जहाजांतून येतो. शिवाय गुजरातेकडून पनवेलमार्गें आलेली दुसरी वाहिनीहि तेथें येऊन मिळते. कतारच्या वायूंत मिथेनखेरीज इथेनचाहि बराच अंश असतो, तर अमेरिकेहून येणारा वायु बहुधा जवळजवळ निर्भेळ मिथेन असतो. तेव्हां ‘नैसर्गिक वायु’ हें एका पदार्थाचें नांव नसून एका मिश्रणाचें नांव आहे, आणि त्या मिश्रणाचें प्रमाण सदा एकच असेल असें नाहीं.

आतां इंजिनाच्या पोटांत काय होतें तें पाहूं. वायु आणि हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें शिरतें, दट्ट्या तें दाबतो, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडते. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणांतून पुढें सरकत जाते आणि तापलेला वायु दट्ट्यास खालीं रेटतो. सारें कांहीं या ज्योतीच्या चालीवर अवलंबून आहे. ती यथाक्रम चालली तर शक्ति मिळते. परंतु ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपोआप पेटलें, तर हातोड्यानें ठोकल्यासारखा आवाज येतो. हा ठोका नुसता कानाला त्रास देणारा नव्हे. तो पुष्कळ वेळ चालला तर दट्ट्याचा माथा वितळतो किंवा तडकतो.

मिथेन या बाबतींत मोठा सोशिक आहे. त्याच्या कणांत कर्बाचा एकच परमाणु असून त्यास उज्जाचे चार परमाणु घट्ट बिलगलेले असतात. म्हणून तो आपोआप पेटण्यास सुमारें ५४० अंश उष्णता लागते. प्रोपेनच्या कणांत कर्बाचे तीन परमाणु साखळीनें जोडलेले असतात; ती साखळी अधिक सहज तुटते, आणि सत्तर-ऐंशी अंश कमी उष्णतेवरच तो पेट घेतो. याच गुणावरून इंधनाचा ‘मिथेनांक’ ठरवितात. शुद्ध मिथेनचा अंक १००, शुद्ध उज्जाचा ०. वायूंत इथेन व प्रोपेन वाढले कीं अंक उतरतो, आणि ठोक्याचें भय वाढतें.

दुसरी गोष्ट हवेची. एक माप मिथेन पुरता जाळण्यास साडेनऊ मापें हवा लागते. इथेनला साडेसोळांहून अधिक, तर प्रोपेनला जवळजवळ चोवीस. यंत्राची झडप मिथेनच्या हिशेबानें बसविली असेल आणि वायु भारी आला, तर हवा अपुरी पडते व अर्धवट जळालेला विषारी कर्बवायु धुराड्यांतून बाहेर पडतो.

उलट बाजूस न जळणारे वायु आहेत. नत्रवायु आणि कर्बद्विप्राणिद हे उष्णता देत नाहींत, उलट ती शोषून घेतात. ज्योत त्यामुळें मंदावते. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हां देशांतील अनेक मोटारी लोणारी कोळशापासून काढलेल्या वायूवर चालत. त्या वायूंत जवळजवळ निम्मा भाग नत्रवायूचा असे. परिणामीं इंजिनाची एकतृतीयांश ते निम्मी शक्ति हरपे, आणि घाटाच्या चढावर गाडी धापा टाकी.

हा प्रश्न कोल्हापूरला आज नव्यानें भेटत आहे. साखर कारखान्यांत उसाचा रस गाळून जो चोथा उरतो, तो कुजवून वायु निघतो. कच्च्या वायूंत साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतेक कर्बद्विप्राणिद असतो. शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकयुक्त वायु असतो, तो जळून झालेलें आम्ल बेअरिंगें खातें. यांतील कर्बद्विप्राणिद ठोका टाळण्यास मदत करतो खरा, पण ठिणगी लौकर पाडली नाहीं तर ज्योत मागें राहते, धूर अधिक तापतो, आणि न जळलेला मिथेन वाया जातो. तो नुसता वायांच जात नाहीं. शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वीची हवा तापविण्यांत तो कर्बद्विप्राणिदाच्या सुमारें अठ्ठावीसपट समर्थ आहे. म्हणूनच भारतीय मानकाप्रमाणें वाहनासाठीं विकावयाच्या अशा वायूंत निदान ९० टक्के मिथेन असावा लागतो.

नव्या इंजिनांत ठोका ऐकणारें आणि धुरांतील प्राणवायु मोजणारें उपकरण असतें. तें ठिणगीची वेळ व हवेचें प्रमाण क्षणोक्षणीं सांवरतें. जुन्या किंवा पेट्रोलवरून वायूवर आणलेल्या इंजिनांत पुष्कळदां ही सोय नसते. तेथें कारागिरानें एकदां लावलेली वेळ त्या दिवशींच्या वायूपुरतीच बरोबर असते. रिक्षावाल्याचें इंजिन उद्यां ठोकूं लागलें, तर दोष लोखंडाचाच असेल असें नाहीं; बदललेल्या वायूचाहि असूं शकेल. उद्यमनगरांतील कारागिरानें इंजिन उघडण्यापूर्वीं वायु कोठला हें विचारावें, आणि वायु पुरविणारानें त्याचें प्रमाण सांगावें, एवढी रीत पडली तरी पुष्कळ दट्टे वांचतील. चुलवाणापाशीं बसलेला माणूस जें हातानें ओळखतो, तें येथें आंकड्यानें ओळखावयाचें आहे.