चार बोटं गवत राखा

दिवाळी सरली की तुळजापूरभोवतालचे बालाघाटाचे उतार पिवळे पडतात. धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहणाऱ्या तट्टांना आता जून गाठायचा असतो, आणि माळालाही.

गायीला वरचे पटाशीचे दात नसतात. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे असतात. त्यामुळे तो गवत पार बुडाशी कुरतडतो. पवन्या आणि कुसळी ही बहुवर्षायू गवतं आहेत. बुडखा जगला, तरच पावसात फुटवा येतो. म्हणून माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने चारणं शहाणपणाचं.

कुसळी पिकली की तिची टोकदार कुसळं तोंडात रुततात. ती फुलोऱ्यातच कापून वाळवावी.

थंडीत घोडा पाणी कमी पितो, त्यात कोरडा चारा. पोटशूळ इथूनच सुरू होतो. तट्टाला विहिरीचं ताजं पाणी पाजा आणि चार बोटं गवत उरताच त्याला पुढच्या तुकड्यात हलवा.