तिसऱ्याला काय ऐकू येतं?

डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला गेलात तर एक दिवस तरी तांबडं फुटायच्या आत उठा. शाल गुंडाळा, कानटोपी चढवा आणि धरणाच्या पाण्याकाठी नुसते बसून राहा. देखावा सुंदर असतोच, पण आज त्याच्याबद्दल बोलायचं नाही. कान द्या. पलीकडच्या काठावर कुणीतरी खाकरतं. कुणाच्या तरी हातून हंडा दगडावर आपटतो. म्हैस अडून बसलेली असते आणि तिच्या मालकाने तिला दिलेली शिवी जशीच्या तशी आपल्यापर्यंत पोचते. माणूस मात्र दिसत नाही, इतका तो लांब असतो. दुपारी त्याच माणसाने बेंबीच्या देठापासून हाक मारली तरी इकडे काही कळत नाही.

असं का होतं? थंडीतल्या रात्री पाण्यालगतची हवा चांगलीच गार पडते आणि तिच्यावरचा थर त्या मानाने उबदार राहतो. गार हवेत आवाज जरा हळू चालतो. १० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३३७ मीटर आणि १५ अंशांना ३४०. फरक जेमतेम तीन मीटरचा, पण तेवढा पुरतो. बैलगाडीचं एक चाक चिखलात गेलं की गाडी त्या बाजूला वळते. तसाच वर निसटू पाहणारा आवाज खालच्या गार, मंद थराकडे झुकत पाण्यावर परत येतो. शांत पाण्यावर आपटून उसळतो, पुन्हा वाकतो, असं करत करत काठ गाठतो. ऊन चढलं की काठाची जमीन आणि तिच्यावरची हवा तापते, थर उलटेपालटे होतात, वारा सुटतो, आणि तोच आवाज आभाळाकडे वळून हरवतो.

हे तळं म्हणजे खरं तर प्रवरा नदीवरचं धरण. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन धरण. उंची ८२ मीटरच्या आसपास, साठा ११ टीएमसी. खाली नगर जिल्ह्यातला ऊस याच पाण्यावर उभा राहिला. वर मात्र, शेंडी गाव सोडून तळ्याला वळसा घालत रतनवाडीकडे निघालं की भाताची खाचरं, महादेव कोळ्यांच्या वाड्या, अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि त्यामागे रतनगड. दोन दिवस काहीही न करता घालवायला याहून चांगली जागा मुंबई-पुणे-नाशिकच्या मधोमध सापडणं कठीण.

अलीकडे इथे एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. दिसू लागला म्हणजे खरं तर तो दिसत नाही. होणाऱ्या आईच्या ढगळ कुर्त्याआड असतो. बाळ यायच्या आधी दोघांनीच कुठेतरी जाऊन यावं, ही कल्पना आता मध्यमवर्गात रुळली आहे आणि तिला बेबीमून म्हणायचीही पद्धत पडली आहे. वयस्कर मंडळी नाकं मुरडतात. पण चांदण्यातलं डोहाळजेवण, बागेतलं डोहाळजेवण, नौकेतलं डोहाळजेवण हे प्रकार आपल्याच आज्या-पणज्यांनी काढले होते. गर्भारपणात पाण्याकाठी जावंसं वाटणं काही परदेशातून आलेलं नाही.

डॉक्टर साधारणपणे १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासाला बरा मानतात. मळमळ ओसरलेली असते, पोट अजून फार जड झालेलं नसतं. आणि २४-२५ व्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडते. बाळाच्या कानातला शंखासारखा भाग काम करू लागतो. म्हणजे सहाव्या महिन्याच्या अखेरीस तळ्याकाठी बसलेलं जोडपं दोघांचं राहत नाही. ऐकणारे तिघं असतात.

मग त्या पहाटे तिसऱ्याला काय ऐकू येतं?

आधी तळ्यातल्या माशाचं बघू. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट दाट आणि त्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन माध्यमांत एवढी तफावत असली की आवाज सीमेवरूनच परत फिरतो. हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारातला एखादाच हिस्सा आत शिरतो. म्हणजे पहाटेची ती म्हशीची शिवी आपल्याला स्वच्छ ऐकू येते त्याचं एक कारण हे की पाणी तिला आत घेत नाही. मासा सुखी आहे.

बाळही पाण्यातच आहे, तेव्हा त्यालाही काही ऐकू जाऊ नये. पण इथे गणित बदलतं, आणि हा बदल मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तळं अफाट आहे, पोट लहान आहे. माणसाच्या आवाजातल्या खालच्या सुरांची लाट हवेत दीड-दोन मीटर, कधी तीन मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेपुढे पोट म्हणजे किरकोळ वस्तू. लाट त्याच्यावर एका बाजूने आदळून परत जात नाही. ती त्याला चहूबाजूंनी वेढते, सगळीकडून एकदम दाबते आणि सोडते, आणि तो दाब जवळजवळ तसाच्या तसा आत पोचतो. उंच, बारीक आवाजांची लाट आखूड असते, ती मात्र पोटावरच अडते. म्हणून ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार बाहेर राहते आणि बोलण्याचा चढउतार आत जातो. शब्द गळतात, चाल उरते. पलीकडच्या काठावरचा पाणकोंबडीचा चिरका आवाज त्या तिसऱ्यासाठी जवळपास नसल्यातच जमा. बाबांचं घोगरं ‘चहा घेणार का?’ मात्र अस्पष्टसं पोचतं.

अस्पष्टसं अशासाठी की आत काही सामसूम नसते. रक्तवाहिन्यांची सळसळ चालू असते, हृदयाचे ठोके चालू असतात, आणि रात्री पिठलं-भाकरी झाली असेल तर आतड्यांची गुडगुडही असते. या गलक्यातून बाहेरच्या माणसाला वाट काढावी लागते. आईला लागत नाही. तिचा आवाज हवेतून फिरून येण्याऐवजी थेट हाडा-मांसातून खाली उतरतो. गर्भाशयात बारीक ध्वनिग्राहक ठेवून केलेल्या मोजमापांत इतरांचे आवाज आत किंचित मंदावलेले आढळले आणि आईचा स्वतःचा आवाज उलट थोडा वाढलेला.

१९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांहूनही लहान बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. ती अशा यंत्राला जोडलेली होती की बाळ एका लयीत चोखू लागलं की आईचा आवाज वाजायचा आणि दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. डोळे धड न उघडणाऱ्या त्या जिवांनी आपली लय बदलून आईचा आवाज मागून घेतला. पुढे बाबांच्या आवाजावर तसाच प्रयोग झाला, तेव्हा बाळांनी त्याला काही खास पसंती दिली नाही. बाबालोकांनी हे मनावर घेऊ नये. त्यांची बाजू ध्वनिशास्त्रानेच लंगडी केली आहे.

अभिमन्यूची आठवण इथे होणारच. सुभद्रा ऐकता ऐकता झोपली म्हणून बाळाचं शिक्षण अर्धवट राहिलं, असं आपण ऐकत आलो. वरच्या हिशेबाने बघितलं तर पंचाईत वेगळीच दिसते. व्यूहाचं वर्णन करणारा बाहेर होता, त्याच्या बोलण्याचा सूर तेवढा आत गेला असणार. आणि जिचा आवाज सर्वांत स्पष्ट पोचायचा ती तर नुसती ‘हूं, हूं’ करत होती. पोटाला हेडफोन लावून मंत्र ऐकवणाऱ्या आजच्या दुकानदारीबद्दल माझं मत यावरून ओळखावं. मंत्र आवडत असेल तर आईने स्वतः म्हणावा, फुकट आहे.

आता जरा तक्रार. भंडारदऱ्याच्या काठावर शनिवारी रात्री तंबूंची जत्रा भरते, आणि काही ठिकाणी भलेमोठे स्पीकर लावतात. त्यातून येणारा धडधड आवाज नेमका खालच्या पट्टीतला असतो, म्हणजे पोट अजिबात अडवत नाही असा. शिवाय तो वाजतो रात्री, पाण्यावर गार हवा साचायला लागलेली असताना. पलीकडच्या काठावरची धिंगाणेबाज मंडळी अशी थेट तुमच्या तिसऱ्याच्या घरात शिरतात. त्यामुळे जायचं तर मंगळवार-बुधवार गाठावा, आणि तंबू ठरवताना ‘स्पीकर लावता का?’ हे जेवणाच्याही आधी विचारून घ्यावं.

बाकीची पथ्यं थोडक्यात. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं आणि तपासण्यांची फाईल बरोबर ठेवायची. मोठ्या दवाखान्यासाठी संगमनेर किंवा नाशिक गाठावं लागतं, हे डोक्यात असू द्यावं. गाडीचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने घ्यायचा, आणि वरचा छातीच्या मधून. घोटीच्या रस्त्याला लागेपर्यंत दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे, कारण या दिवसांत रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढलेला असतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पुढच्या खेपेला. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. काठ निसरडा असतो आणि खोली एकदम वाढते. शेकोटीला बसायचं तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशा बेताने.

जेवणाबद्दल मात्र जास्त बोलायला हवं, कारण तिसरा नुसता ऐकत नाही, चाखतोही. तो ज्या पाण्यात असतो ते विसाव्या आठवड्याच्या सुमाराला जेमतेम ४०० मिलिलिटर असतं आणि आठवा महिना संपता संपता ८०० च्या घरात जातं. ते साचलेलंही नसतं. बाळ ते पितं, त्याची मूत्रपिंडं ते परत सोडतात, पुन्हा पितं. दिवस भरत येतात तेव्हा रोज अर्धा लिटरभर तरी पोटात जातं. आईने खाल्लेल्या पदार्थाचा वास या पाण्यात उतरतो. १९९५ साली ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गर्भवतींना लसणाच्या अर्काची कुपी दिली, थोड्या वेळाने त्यांचं गर्भजल काढून लोकांना हुंगायला दिलं, आणि बहुतेकींच्या नमुन्यात लसूण ओळखू आला. पुढे २००१ साली त्यांनी दाखवलं की शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायलेल्या आयांची बाळं नंतर गाजराची चव लागलेली पेज तोंड फारसं वेडंवाकडं न करता खात होती.

तेव्हा शेंडीच्या खानावळीत नागलीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा समोर आला की तो तिघांत वाटला जाणार आहे, हे ध्यानात ठेवावं. ठेचा बेताने, पण तो बाळासाठी नव्हे, आईच्या जळजळीसाठी. बाळाचं काही म्हणणं नसतं. वाढतं गर्भाशय जठराला वर ढकलतं, जठराच्या तोंडाची झडप या दिवसांत सैल पडते, आणि आंबट ढेकर येतात. मासे हवे असतील तर चांगले शिजलेले घ्यावेत आणि दूध उकळलेलं.

जेवून ती आडवी झाली की बहुधा हालचाल सुरू होते. ‘अरे, हात ठेव इथे, लवकर!’ तो हात ठेवतो आणि ती नेमकी थांबते. ‘छे, काहीच नाही.’ ‘आत्ता होती रे!’ तंबूत हे संवाद ठरलेले. दिवसभर चालताना मिळणारे हेलकावे थांबले, सभोवार शांत झालं की हालचाली आईला जास्त जाणवतात. तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा तर ऐकण्याच्याही आधी तयार झालेली असते, म्हणजे नौकेतल्या डोहाळजेवणात पाण्याचं डुलणं ज्याला कळायला हवं त्याला कळत असणार. शहरातल्या हॉलमध्ये थर्माकोलच्या होडीत बसवून ते साधत नाही.

आणि ऐकलेल्या चालीचं बाळ पुढे काय करतं, त्याचंही उत्तर मिळालं आहे. २००९ साली जर्मनीतल्या कॅथलीन वर्म्के आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दोन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. तीस फ्रेंच घरांतली, तीस जर्मन घरांतली. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा. दोन्ही भाषांची बोलण्याची ढब अशीच आहे. एक शब्द न कळता, पोटाच्या भिंतीतून झिरपलेली नुसती चाल उचलून ही मुलं आपापल्या भाषेत रडत जन्माला आली होती.

त्यामुळे दोन दिवस पाण्याकाठी बसून काय बोलायचं, ही चिंता नको. घराचे हप्ते, सासूबाईंचा फोन, बाळंतपण माहेरी की इथेच, काहीही चालेल. नावावरून वाद पेटला तरी हरकत नाही. वादाचा सूर तेवढा आत जाईल, सुचवलेली नावं बाहेरच राहतील.