यंत्राचा लेहरा, माणसाचा गळा

यंत्र आले की माणूस जाणार, ही भीती जुनी आहे आणि तिची मुळे पोटात आहेत. १९८२ साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी, असा ठराव केला. एकच माणूस बटणे दाबून व्हायोलिनांचा ताफा उभा करू लागला, तर व्हायोलिनवाल्याने खायचे काय? ठरावाचे पुढे देशव्यापी धोरण झाले नाही. पण त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, ‘याझू’ या दोघांच्याच बँडची पहिली एलपी बाजारात आली. नाव ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’. तिच्यात तालापासून सुरावटीपर्यंत बहुतेक सारे यंत्राचे होते. गळा मात्र माणसाचा होता, आणि तो काय गळा होता!

हे दोघे बॅसिल्डनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पूर्वेला, एसेक्स परगण्यात वसवलेले हे कामकरी लोकांचे गाव. व्हिन्स क्लार्क हा ‘डेपेश मोड’ या बँडचा एक संस्थापक. त्यांच्या १९८१ च्या पहिल्या एलपीतली बहुतेक गाणी त्याचीच. ती गाजली आणि त्याच वर्षाअखेर तो बाहेर पडला. ॲलिसन मॉयेट त्याच गावातल्या लहानसहान बँडांतून ब्लूजच्या वळणाचे गाणे गाणारी. साथीदार हवेत म्हणून तिने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली आणि उत्तर आले ते या यंत्रवेड्या मुलाचे. तेव्हा दोघांचीही विशी जेमतेम उलटत होती. लंडनमधल्या, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीतल्या ‘ब्लॅकविंग’ स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. शीर्षकातला एरिक म्हणजे या स्टुडिओचा एरिक रॅडक्लिफ.

या एलपीची मोहिनी कशात आहे, हे समजायला आपल्याकडचे उदाहरण सोयीचे पडते. एकल तबलावादनात पेटीवाला लेहरा धरतो. तीच ओळ, तीच लय, तासभर. लेहरा जितका निर्विकार, तितका तबलजी मोकळा. क्लार्कचे यंत्र नेमके हेच करते. सीक्वेन्सर म्हणजे सुरांची ओळ साठवून न थकता पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र. त्या काळच्या काही सीक्वेन्सरांत तर सुराची उंची आणि लांबी चक्क आकड्यांत भरावी लागे. ‘डोन्ट गो’ची सुरुवातीची सुरावट ऐका: खिळे ठोकावेत तशी नेमकी. मग मॉयेटचा खर्जातला, थोडा खरखरीत आवाज येतो आणि त्या चौकटीला धडका देऊ लागतो. चौकट हलत नाही, म्हणूनच धडका ऐकू येतात. हाडामांसाचे वादक असते, तर ते तिच्याबरोबर वाहत गेले असते. यंत्र वाहत नाही; सारे दुःख एकट्या गळ्याला पेलावे लागते.

‘ओन्ली यू’मध्ये हे अधिक हळुवारपणे घडते. मोजके सूर ठिबकत राहतात, दुराव्याचे साधे शब्द येतात आणि मॉयेट कुठेही गळा काढत नाही. एवढा मोठा आवाज इतका आवरून धरलेला ऐकताना आपलाच श्वास अडकतो. हे गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, एलपीही दुसऱ्याच क्रमांकापर्यंत. सारी एलपी मात्र एकसारखी नाही. ‘आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी’ हा बोललेल्या शब्दांच्या तुकड्यांचा गुंता. तिथे गळा गात नाही आणि एकटे यंत्र किती लवकर कंटाळवाणे होते, ते कळते. उलट मॉयेटने स्वतः लिहिलेल्या ‘विंटर किल्स’मध्ये साथ इतकी विरळ, की थंडी अंगावर येते.

मी आयुष्याची अनेक वर्षे बँकेत काढली, त्यामुळे हा हिशेब मला परका नाही. आपल्या बँकांत यांत्रिकीकरणाचा करार कर्मचारी संघटनांनी केला तो १९८३ साली, बरीच घासाघीस होऊन. संघटनांची भीती खोटी नव्हती. लेजरच्या बेरजा आणि व्याजाची आकडेमोड हे कित्येकांचे पोट होते. ते काम पुढे यंत्राने गिळलेच. पण खिडकीशी पासबुक घेऊन थरथरत उभ्या असलेल्या विधवेला वारसाचा अर्ज समजावून सांगणे, हे काम यंत्राने घेतले नाही. बेरजेतून सुटलेल्या कारकुनाला त्यासाठी सवड मिळाली. ती सवड त्याने कशी वापरली, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

‘ओन्ली यू’ची पुढची गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. १९८३ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले, पण याझूच्या आवाजात नव्हे. गाणारे होते ‘फ्लाइंग पिकेट्स’. नावाचा अर्थ, संपाच्या वेळी गावोगाव जाऊन निदर्शने करणारे कामगार. त्यांनी एकही वाद्य न घेता, यंत्राच्या त्या ठिबकत्या सुरांसकट सगळे गाणे नुसत्या गळ्यांनी गायिले. तोवर याझू फुटलाही होता.

आता यंत्र गळ्याचीही नक्कल करू लागले आहे. वादकांच्या जागी आज गायक भयभीत आहेत, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्याचे पोट जाते, त्याची सोय पाहिलीच पाहिजे. पण ऐकणाऱ्याने ही एलपी एकदा लावून पाहावी. यंत्राला तिथे लेहऱ्याची जागा दिली आहे, आणि ती जागा कोणी द्यायची, हे ठरवणारी दोन माणसे होती.