दंडाचा ‘फोटो’ काढताना

बाळापूरकडे एक्स-रेला आजही ‘फोटो’च म्हणतात. मोटारसायकलवरून पडलेला माणूस हात पोटाशी धरून येतो. दंडावर ताईत असेल तर तो आधी उतरवायचा. धातू फिल्मवर पांढराशुभ्र उमटतो आणि नेमकी मोडलेली जागा झाकू शकतो.

एका फोटोवर भागत नाही. समोरून एक आणि बाजूने एक, 90 अंशांच्या फरकाने. समोरून सरळ वाटणारे हाड बाजूने पाहिले की सरकलेले निघते. वर खांदा आणि खाली कोपर, दोन्ही सांधे फिल्ममध्ये यायलाच हवेत.

खरे कौशल्य बाजूच्या फोटोत आहे. हाड मोडल्याची शंका असेल तर हात पिळायचा नाही, माणूस वळवायचा. हाड खांद्याजवळ मोडले असेल तर चांगला हात डोक्यावर ठेवतात, दुखरा दंड प्लेटला टेकवतात आणि किरण छातीतून आरपार सोडतात. ‘हळूहळू श्वास घेत राहा’ असे सांगतात ते उगीच नाही: त्या हालचालीने बरगड्या पुसट होतात आणि स्थिर असलेले हाड उठून दिसते.

फोटोत नस मात्र दिसत नाही. मनगटाला ताकद देणारी नस याच हाडाला मागून वळसा घालते. म्हणून मनगट वर उचलता येते का, हे फोटोआधीच तपासून घ्यावे. पुढे अकोल्याला, सुमारे 25 किलोमीटर, पाठवले तर हात झोळीतच ठेवावा आणि फोटो सोबत न्यावेत.