अंकीय पाकिटातील कूटचलनाचा लोप
अंकीय पाकिटातील कूटचलनाचा लोप : संगणकावरील किंवा भ्रमणध्वनीवरील पाकीट-आज्ञावली (सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यानंतर तीत पूर्वीची शिल्लक न दिसणे. ‘पाकीट’ ही संज्ञा येथे काहीशी दिशाभूल करणारी आहे. बिटकॉइन, ईथर इ. कूटचलने पाकिटात नसतात. ती ब्लॉकचेन या अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सार्वजनिक खातेवहीत निरनिराळ्या पत्त्यांवर नोंदलेली असतात. पाकिटात असते ती केवळ व्यवहारावर सही करण्याची खासगी किल्ली. म्हणून आज्ञावली बिघडली, तरी चलन आपोआप नाहीसे होत नाही. किल्ली व तिची प्रत दोन्ही नष्ट झाल्यास मात्र ते खातेवहीत दिसत राहूनही कायमचे निरुपयोगी होते.

निदानाची पहिली पायरी यावरूनच ठरते. जुन्या व्यवहाराच्या नोंदीतील आपला पत्ता घेऊन सार्वजनिक खातेवहीत त्याची शिल्लक पाहावी. यासाठी किल्लीची गरज नसते. ती मागणारा मदतनीस ठक समजावा.

शिल्लक तेथे असल्यास दोष केवळ दर्शनाचा असतो. नव्या आवृत्तीचे खातेवहीशी जुळणे पूर्ण झालेले नसते, किंवा ईथेरियमसारख्या जाळ्यावरील एखादे टोकन यादीतून लपलेले असते. अधिक गोंधळ पुनःस्थापनेत होतो. बहुतेक पाकिटे २,०४८ शब्दांच्या ठराविक सूचीतील १२ किंवा २४ शब्दांवरून सर्व किल्ल्या घडवितात. परंतु त्याच शब्दांपासून निरनिराळ्या ‘मार्गांनी’ निरनिराळे पत्ते निघतात. बिटकॉइनचे १ ने, ३ ने व ‘बीसी१’ ने सुरू होणारे पत्ते हे याचे परिचित उदाहरण. नवी आवृत्ती दुसरा मार्ग धरते, तेव्हा पाकीट रिकामे दिसते. शब्दांना जोडलेला ऐच्छिक परवलीचा शब्द चुकल्यास तर कोणतीही सूचना न मिळता वेगळेच, रिकामे पाकीट उघडते. अशा वेळी घाईने जुनी आज्ञावली काढून टाकणे हे मूळ दोषाहून घातक ठरते. प्रथम शब्दांची कागदावरील प्रत हाती असल्याची खात्री करावी.

खातेवहीतच रक्कम बाहेर गेलेली दिसल्यास किल्ली परक्याच्या हाती पडली, किंवा नकळत घातक व्यवहाराला संमती दिली गेली, असे सामान्यतः मानावे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘इलेक्ट्रम’ या पाकिटाच्या जुन्या आवृत्त्यांत हल्लेखोरांच्या सर्व्हरांवरून अद्ययावत करण्याचा खोटा संदेश झळकला. त्यातील दुव्यावरून बनावट आवृत्ती घेणाऱ्यांचे बिटकॉइन चोरीस गेले. असा व्यवहार उलटविण्याचा अधिकार कोणत्याही मध्यवर्ती संस्थेला नसतो.

विनिमय-केंद्रातील खात्याची गोष्ट वेगळी. तेथे किल्ली बहुधा केंद्राकडे असते व ग्राहकाचा असतो तो केवळ दावा. भारतातील ‘वझीरएक्स’ केंद्राच्या पाकिटातून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरांहून अधिक मूल्याची कूटचलने चोरीस गेली, तेव्हा ग्राहकांच्या भ्रमणध्वनीवरील आज्ञावलीत काहीही बिघडलेले नव्हते.

चोरीची तक्रार देशात कोठूनही १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर करता येते. डहाणू वा तलासरी येथील धारकास त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यातही ती देता येते. तक्रारीत स्वतःचा पत्ता, रक्कम ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता, व्यवहार-क्रमांक व वेळ द्यावी. सांकेतिक शब्द तक्रारीतही लिहू नयेत.