परीक्षानळीपलीकडची अक्षरं

सकाळी लेकरू उठतं, पण डोळे पुरते उघडत नाहीत. पापण्या फुगलेल्या. कुणी म्हणतं झोप जास्त झाली, कुणी म्हणतं काही चावलं असेल. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. दुपारपर्यंत सूज उतरते, घर निर्धास्त होतं. मग चार दिवसांनी चड्डीची नाडी पोटावर रुतू लागते. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत केसपेपर निघतो आणि आईबाप नवा शब्द ऐकतात : नेफ्रोटिक सिंड्रोम. कानात राहतं ते एवढंच, 'किडनी'. आणि लगेच डोळ्यांपुढे डायलिसिस उभं राहतं.

बहुतेक मुलांच्या बाबतीत ही भीती खरी ठरत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात. पाणी आणि टाकाऊ पदार्थ त्यांतून खाली जायचे, प्रथिनं वर राहायची. या आजारात गाळणीची वीण सैल होते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारं तेच. ते घटलं की पाणी बाहेर झिरपतं, मूत्रपिंडं मीठही सोडत नाहीत, आणि अंग सुजतं. रात्री आडवं झाल्यावर पापण्यांत, दिवसभर हिंडल्यावर पायांत. दहांतल्या आठ-नऊ मुलांची ही गळती प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडनं थांबते आणि त्यांची मूत्रपिंडं सहसा निकामी होत नाहीत. पण आजार उलटतो, बऱ्याचदा साध्या सर्दी-खोकल्याच्या निमित्तानं. बहुतेकांचा तो वयात येईपर्यंत मागे पडतो. तोवरची वर्षं घरानं काढायची असतात.

ती काढण्याचं साधन गॅसच्या शेगडीपाशी आहे. सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत दोन-तृतीयांश भरायची, नळी चिमट्यात तिरपी धरून फक्त वरचा भाग उकळायचा. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर ज्या कारणानं घट्ट होतो, त्याच कारणानं अल्ब्युमिन असेल तर तो भाग गढुळतो. मग व्हिनेगरचे दोन-तीन थेंब. गढूळपणा विरला तर ते क्षार होते. टिकला तर प्रथिन. नळीमागे वर्तमानपत्र धरायचं : अक्षरं वाचता आली तर प्रथिन थोडं, दिसेनाशी झाली तर जास्त. लंडनच्या गाईज हॉस्पिटलातल्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी चमच्यात लघवी तापवून हीच खूण पाहिली आणि 1827 साली अंगावरच्या सुजेचा मूत्रपिंडाशी संबंध मांडला. आता औषधाच्या दुकानात रंग बदलणारी पट्टीही मिळते. नळी तिच्यापेक्षा स्वस्त पडते.

निकाल रोज वहीत लिहायचा : प्रथिन नसेल तर 'निल', असेल तर जितकं जास्त तितके 'प्लस'. एका दिवसाच्या 'तीन प्लस'नं घाबरायचं नाही. सलग तीन दिवस तसंच आलं तर आजार उलटला, आणि ही बातमी सूज येण्याआधीच हाती लागते. हैदराबाद किंवा पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जायला रात्रभर प्रवास करणाऱ्या घरांसाठी या आधीच्या दिवसांचं मोल फार आहे.

अवघड असते ती भूक. स्टिरॉइडनं लेकरू दर दोन तासांनी खायला मागतं, चिडतं, गाल गोल होतात, शाळेत मुलं चिडवतात. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण आणि त्याला मात्र सूज असेपर्यंत मीठ बेतानं. पण डाळ, दूध, अंडी बंद करण्याचं पथ्य शेजारीपाजारी सांगतात, ते ऐकू नये. वयाप्रमाणे प्रथिनं लागतातच. गोळी स्वतःच्या मनानं थांबवणं तर सर्वांत धोक्याचं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. वर्गात कुणाला कांजण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, कारण या औषधावर असलेल्या मुलाला त्या जिवावर बेतू शकतात.

काही वर्षांनी वहीतलं अक्षर बदलतं. आईच्या जागी मुलाचं वळण येतं. तो स्वतः नळी उजेडात धरतो, मागच्या पेपरातली ओळ मोठ्यानं वाचून दाखवतो आणि आजच्या तारखेपुढे 'निल' लिहून दप्तर भरायला पळतो.