गाडीच्या मीटरवर किती विसंबायचं?

मैत्रिणींनो, दुधात पाणी किती हे आपण लगेच ओळखतो. पण ‘गाडी लिटरला साठ देते’ असं ‘हे’ म्हणाले, की मुकाट्याने मान डोलावतो! आम्हां सेमाडोहच्या बायकांना ते परवडत नाही. परतवाड्याला जायचं तर वाटेत घाट अन् दोन्ही बाजूंना मेळघाटचं वाघाचं रान. लेकराला घेऊन मागे बसलेलं असताना तिथे पेट्रोल संपलं तर?

मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की घेर कमी, फेरे जास्त. म्हणून आकडा फुगतो. वेगाचा काटाही सहसा थोडा जास्तच दाखवतो, कारण कमी दाखवणं धोक्याचं.

मग करायचं काय? रस्त्याकडेच्या दगडांवरून १० किलोमीटर मोजा. मीटरने साडेदहा दाखवले, तर त्याचे २१० म्हणजे खरे २००च. टाकी भरून आकडा लिहा; पुन्हा तितकीच भरताना ४ लिटर लागलं, तर ॲव्हरेज साडेबावन्न नव्हे, ५०! चढाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून हिशेब जाऊन-येऊनचा धरा.

वाणसामानाच्या वहीत एक रकाना पेट्रोलचाही असू द्या, बरं का!